गॅस नको म्हणणारा मुलगा: स्तनाच्या कर्करोगाची एक शस्त्रक्रिया आणि भुलीची निवड

"मॅडम, आईला गॅसची भूल देऊ नका."

खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं हे सांगून टाकलं. वय सव्वीस-सत्तावीस, चाकणच्या एका कंपनीत कामाला, रात्रपाळी संपवून थेट दवाखान्यात आलेला. आई शेजारच्या स्टुलाच्या अगदी कडेला टेकली होती. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत सगळे रिपोर्ट. मुलाच्या मोबाइलवर पाच-सहा स्क्रीनशॉट होते, ते तो मला एकेक करून दाखवत होता. गॅसमुळे प्रतिकारशक्ती खाली जाते, उरलेल्या कॅन्सरच्या पेशी अंगभर पसरतात, म्हणून शिरेतून द्यायचं ते दुधासारखं औषध द्या आणि पाठीत इंजेक्शन द्या, असं त्याचं म्हणणं.

दुधासारखं औषध म्हणजे प्रोपोफॉल. गॅस म्हणजे आमच्याकडचं सेव्होफ्लुरेन. पाठीतलं इंजेक्शन म्हणजे पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक. मणक्याच्या बाजूला बधिरीकरणाचं औषध सोडून छातीच्या त्या बाजूच्या नसा सुन्न करायच्या. नावं त्याला येत नव्हती, पण तिन्ही गोष्टी त्यानं नीट ओळखल्या होत्या.

"भुलीचं आम्ही बघू, तुम्ही काळजी करू नका" हे वाक्य आम्हा भूलतज्ज्ञांच्या तोंडात तयार असतं. त्या दिवशी मी ते गिळलं. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि आमच्याच शाखेतली माणसं तो गेली वीस वर्षं विचारत आली आहेत. हे प्रकरण लिहिण्याचं दुसरं कारण पुढं शस्त्रक्रियेत घडलं, ते त्या ठिकाणी सांगते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण

मावशींचं वय ५४, वजन ५६ किलो. डाव्या स्तनात ३ सेंटिमीटरची गाठ, डाव्या काखेत हाताला लागणारी एक लहान गाठ. बायोप्सीत इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. आधी शस्त्रक्रिया आणि केमो नंतर, असं कर्करोगतज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेलं. स्तन आणि काखेतल्या गाठी एकत्र काढायच्या होत्या.

नऊ वर्षांपासून मधुमेह. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.४. हिमोग्लोबिन ९.६. पंचवीस वर्षांपूर्वी शिबिरात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली होती. त्या वेळी भुलीचा काही त्रास झाला का, असं विचारल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या. "ऑपरेशनचं काय नाय वाटलं बाई, पण दोन दिवस ओकून ओकून जीव गेला माझा."

हे वाक्य मी कागदावर अधोरेखित केलं. पुढं ते स्क्रीनशॉटपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

हिरड्या काळ्या दिसल्या म्हणून विचारलं, तर दिवसातून चार वेळा मिश्री. मुलाला ते ठाऊक होतं, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आणि निकोटिन तिच्यातूनही रक्तात जातं, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

प्रश्न कुठून आला

मुलाला मी जे समजावलं तेच इथे थोडं विस्तारानं लिहिते.

शस्त्रक्रियेत सर्जन गाठ काढतो, पण गाठ हाताळताना काही पेशी रक्तात आणि लसिकेत सुटू शकतात. काही तर शस्त्रक्रियेच्या आधीच सुटलेल्या असतात. अशा भटक्या पेशी हेरून मारायचं काम शरीरातल्या ज्या पेशी करतात त्यांत नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी पुढं असतात. त्यांना आधी ओळख करून द्यावी लागत नाही. समोरच्या पेशीनं आपलं 'ओळखपत्र', म्हणजे पृष्ठभागावरचे एमएचसी रेणू, लपवले असतील तर त्या तिला मारतात. आणि कर्करोगाच्या पुष्कळ पेशी हे रेणू लपवतात.

नेमक्या याच पेशी शस्त्रक्रियेच्या काळात मंदावतात. कातडीला चीर पडली की शरीराला तो हल्लाच वाटतो. अ‍ॅड्रेनॅलिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल वाढतात. एनके पेशींवर अ‍ॅड्रेनॅलिनचे बीटा रिसेप्टर असतात, त्यातून त्यांना आवर घातला जातो. जखमेतून निघणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ तेच करतं. वेदना, थंडी, दुसऱ्याचं रक्त चढवणं, मॉर्फिनसारखी औषधं, या सगळ्यांचं बोट त्याच दिशेला. हा मंदपणा काही दिवस टिकतो. म्हणजे भटक्या पेशी सुटण्याची वेळ आणि पहारेकऱ्याला डुलकी लागण्याची वेळ एकच.

मग भुलीच्या औषधानं यात फरक पडतो का? तेल अवीव विद्यापीठातल्या शमगार बेन-एलियाहू यांच्या गटानं २००३ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. केटामिन, थायोपेंटोन आणि हॅलोथेन दिलेल्या उंदरांत एनके पेशींचा जोर घटला आणि फुप्फुसांत कर्करोगाच्या पेशी जास्त अडकल्या. प्रोपोफॉल दिलेल्यांत तसं दिसलं नाही. त्यानंतर २००६ मध्ये डब्लिनहून एक अभ्यास आला. स्तनाच्या शस्त्रक्रिया झालेल्या १२९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक मिळालेल्यांपैकी ९४% स्त्रिया तीन वर्षांनी आजारमुक्त होत्या, नुसती पूर्ण भूल आणि मॉर्फिन मिळालेल्यांत ७७%. आकडे वाचून त्या वेळी आम्ही सगळेच हललो होतो. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. विभागाच्या बैठकीत हा पेपर कुणी वाचून दाखवला, तो गणवेश, ती खोली मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

२०१६ मध्ये लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या सात हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींतून आणखी एक निष्कर्ष निघाला. गॅस मिळालेल्यांत मृत्यूचा धोका प्रोपोफॉलवाल्यांच्या सुमारे दीडपट. मुलाच्या स्क्रीनशॉटमधला आकडा बहुधा हाच असावा.

पण हे दोन्ही अभ्यास मागे वळून नोंदी पाहणारे होते. कुणाला गॅस आणि कुणाला प्रोपोफॉल, हे तिथं नाणं उडवून ठरलेलं नव्हतं. ते भूलतज्ज्ञानं ठरवलं होतं आणि भूलतज्ज्ञ रुग्णाकडे बघून ठरवतो. जास्त आजारी, जास्त वयाचा, जास्त अवघड शस्त्रक्रियेचा रुग्ण एका बाजूला जमा होऊ शकतो. संख्याशास्त्रानं हे कितीही सावरलं तरी सगळं सावरता येत नाही.

म्हणून नाणं उडवूनच पाहणं भाग होतं. ते झालं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ८ देशांतल्या १३ रुग्णालयांतल्या २१०० हून जास्त स्त्रिया होत्या. एका गटाला ब्लॉक आणि प्रोपोफॉल, दुसऱ्याला सेव्होफ्लुरेन आणि ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक. कर्करोग पुन्हा उद्भवला तो दोन्ही गटांत १० टक्क्यांमध्ये. जखमेची वेदना वर्षभरानंतरही टिकलेल्या स्त्रियासुद्धा जवळपास सारख्याच, एका गटात २८% आणि दुसऱ्यात २७%. नुसतं प्रोपोफॉल विरुद्ध सेव्होफ्लुरेन अशी तुलना करणारा, स्वीडनहून सुरू झालेला अभ्यास २०२३ मध्ये आला. स्तनाचा कर्करोग असलेल्या सतराशेहून अधिक स्त्रिया आणि पाच वर्षांनंतरचं आयुष्य. फरक नाही. पोट आणि छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियांत एपिड्युरलनं, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून दिलेल्या बधिरीकरणानं, जास्त जगता येतं का, हे चीनमधल्या सुमारे १८०० ज्येष्ठ रुग्णांत पाहिलं गेलं. तिथंही नाही.

मुलगा ऐकत होता. मध्येच म्हणाला, "मग उंदरांचं खोटं होतं का?"

खोटं नव्हतं. उंदराच्या शिरेत एकाच वेळी लाखो कर्करोगपेशी सोडून काही तासांनी फुप्फुसं तपासली होती. मावशींच्या गाठीत तसं घडत नाही. भुलीचं औषध दोन तास असतं, शस्त्रक्रियेचा धक्का पुढचे काही दिवस आणि कर्करोग कित्येक वर्षं. त्या दोन तासांचं वजन इतक्या मोठ्या तराजूत दिसून येईल एवढं नाही, असं मला वाटतं.

निवड

मग मी काय ठरवलं? प्रोपोफॉल आणि ब्लॉक. म्हणजे मुलाला हवं होतं तेच.

पण कारण वेगळं होतं, आणि ते त्याला आधीच सांगणं मला फार गरजेचं वाटलं. मावशी स्त्री, धूम्रपान नाही, आणि पूर्वी भुलीनंतर उलट्यांचा त्रास. भुलीनंतरच्या उलट्यांच्या चार निकषांपैकी तीन इथंच भरले, म्हणजे शक्यता सुमारे ६०%. नंतर ओपिऑइड द्यावं लागलं तर ८०%. प्रोपोफॉलनं उलट्या कमी होतात. ब्लॉकमुळे ओपिऑइड कमी लागतं. मधुमेही बाईनं दुसऱ्या दिवशी वेळेवर जेवणं आणि औषध घेणं मला हवं होतं. एवढ्यासाठी.

"कॅन्सर पसरू नये म्हणून मी हे देत नाहीये," असं मी त्याला शब्दशः म्हणाले. "उद्या मला गॅस द्यावा लागला, तर त्यामुळे आईचा आजार वाढेल असं मनात धरू नकोस."

त्याला हे आवडलं नाही. मी त्याच्या बाजूनं आहे की नाही, हे त्याला कळेना. पण यामागं एक अनुभव आहे. स्तनाच्या कर्करोगात सगळं नीट होऊनही काही बायकांना आजार पुन्हा गाठतो. लॅन्सेटच्या अभ्यासात दहापैकी एकीला. तेव्हा घरची माणसं दोष कुणाचा ते शोधतात. कुणी म्हणतं बायोप्सीची सुई लावली म्हणून, कुणी म्हणतं ऑपरेशनला हवा लागली म्हणून. आता त्यात 'गॅस दिला म्हणून' याची भर पडते आहे. एका मुलीनं आईच्या मृत्यूनंतर वर्षभरानं मला फोन करून विचारलं होतं, की त्या वेळी मी पैसे भरून दुसरी भूल मागितली असती तर आई वाचली असती का. त्या मुलीच्या आवाजातला अपराधीपणा मी विसरू शकत नाही. खरं-खोटं आधी न सांगितल्याची किंमत अशी कुणाला तरी मोजावी लागते.

याच बोलण्यात मी त्याला दुसरी एक गोष्ट सांगितली, जी त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये नव्हती आणि जी आपल्याच मुंबईत झाली आहे. टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ ते २०२२ या काळात देशातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर अभ्यास केला. अर्ध्या जणींना चीर देण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीच्या सगळ्या बाजूंनी ०.५% लिडोकेन टोचलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेल्या, हयात असलेल्या ८६.४ वरून ९०.१ वर. औषध अगदी स्वस्त. ज्याला सगळं थिएटर झायलोकेन म्हणतं, तेच.

इथं रोगप्रतिकारशक्तीचा भाग किती आणि कर्करोगपेशींच्या सोडियम चॅनलवर, म्हणजे पेशीत सोडियम आत घेणाऱ्या वाटांवर, थेट होणारा परिणाम किती, हे वेगळं काढता आलेलं नाही. हे औषध भुलीचं म्हणूनही दिलं जात नाही, भूल त्या स्त्रियांना वेगळी दिलेलीच होती. आणि ज्यांना आधी केमो मिळालं होतं त्या या अभ्यासात नव्हत्या. मावशींना केमो नंतर मिळणार होतं, म्हणजे त्या बरोबर त्या गटात बसत होत्या. आमच्या सर्जननी हे टोचणं वर्षभरापासून सुरू केलं आहे. दुसऱ्या एखाद्या देशात हाच निकाल पुन्हा मिळावा, असं मला मनापासून वाटतं. पण तोवर थांबायला मला कारण दिसत नाही.

फक्त इथं भूलतज्ज्ञाला एक हिशेब करावा लागतो आणि तो कुणी सांगत नाही. लिडोकेन आणि ब्लॉकमधलं ब्युपिव्हाकेन ही एकाच जातीची औषधं, त्यांचा विषारी परिणाम एकत्र मोजायचा. ५६ किलोला लिडोकेन ४.५ मिलिग्रॅम प्रतिकिलोनं २५२ मिलिग्रॅम, ब्युपिव्हाकेन २ मिलिग्रॅमनं ११२ मिलिग्रॅम. दोन्ही पूर्ण मात्रेत दिली तर मर्यादेच्या दुप्पट होतात. झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकतं. सर्जनशी आदल्या दिवशी बसून बोलले. ३ सेंटिमीटरच्या गाठीला ३० मिली पुरेल असं ते म्हणाले, म्हणजे १५० मिलिग्रॅम, मर्यादेच्या ६०%. मग ब्लॉकसाठी मी ०.२५% ब्युपिव्हाकेन २० ऐवजी १५ मिली घेतलं, ३७.५ मिलिग्रॅम, मर्यादेच्या ३३%. बेरीज ९३. या विषारी परिणामावरचा उतारा म्हणजे इंट्रालिपिड, त्याची बाटली ट्रॉलीवर उघड्यावर ठेवली.

शस्त्रक्रियेला बारा दिवस होते. त्या दिवसांत जे केलं ते कुठल्याही भुलीपेक्षा प्रतिकारशक्तीच्या जास्त कामाचं, असं माझं मत आहे. शिरेतून लोह दिलं, म्हणजे रक्त चढवायची वेळ येऊ नये. साखरेची औषधं बदलली. मिश्री बंद. त्यावर मावशी फार नाराज झाल्या आणि पहिले तीन दिवस डोकं दुखतंय म्हणून मुलाला फोन करत राहिल्या. अंडं, डाळ, शेंगदाणे रोज. आणि रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता यायचं नाही, दोन तास आधीपर्यंत पाणी प्यायचं, हे दोनदा सांगितलं. तरी त्या सकाळी कोरड्या ओठांनीच आल्या. नर्सनं समोर बसवून पेलाभर पाणी पाजलं.

शस्त्रक्रियेचा दिवस

ब्लॉक जागेपणीच दिला. मावशी बसल्या होत्या, पुढं उशी धरून. "दुखंल का ओ बाई?" एवढंच विचारलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर मणक्याच्या आडव्या हाडाची काळी सावली आणि तिच्या बाजूला खाली फुप्फुसाच्या आवरणाची पांढरी चमकती रेघ दिसते. सुई त्या रेघेच्या अलीकडे थांबवायची. औषध सोडलं की ती रेघ हळूच खाली दबते, ओल्या मातीवर बोट ठेवल्यासारखी. ते दिसलं की हात मोकळा करायचा. वीस मिनिटांनी बर्फ लावून पाहिलं तर छातीच्या डाव्या बाजूला गारवा कळत नव्हता.

मग प्रोपोफॉल सुरू केलं, थोडं फेन्टॅनिल दिलं आणि श्वासासाठी घशात आय-जेल नावाची नळी बसवली. स्नायू शिथिल करायचं औषध दिलं नाही, कारण काखेत काम करताना सर्जनना नसा ओळखायच्या असतात. कपाळावर बिसची पट्टी, भुलीची खोली मोजायला. आकडा चढला म्हणजे भूल उतरतेय. बिस ४४ ते ४८. गरम हवेचं पांघरूण खालच्या अंगावर, सलाइन कोमट. थिएटरचा एसी सर्जनच्या सोयीनं १८ वर होता, तो मी २२ वर आणायला लावला, त्यावर नेहमीप्रमाणे वाद झाला. थंडी हा किरकोळ प्रश्न नव्हे. १९९६ मध्ये आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांत दिसलं होतं, की शरीर थंड पडलेल्यांत जखम पिकण्याचं प्रमाण १९% आणि उबदार ठेवलेल्यांत ६%.

सर्जननी २% झायलोकेन साडेसात मिली आणि सलाइन साडेबावीस मिली असं मिश्रण करून गाठीभोवती टोचलं. आठ मिनिटं घड्याळ बघत सगळे उभे. मग चीर.

पन्नास मिनिटांनी बिस ५८ झालं. मी पंपाकडे पाहिलं, पंप व्यवस्थित चालू होता, आकडा पुढं सरकत होता. मी गती वाढवली. दोन मिनिटांत ६७. नाडी ७८ वरून १०४.

"मॅडम, पेशंट हलतोय," सर्जन म्हणाले. उजव्या पायाचा अंगठा हलला होता.

डाव्या काखेत काम असल्यामुळे सलाइन उजव्या हाताला होतं आणि उजवा हात हिरव्या चादरीखाली अंगाला चिकटून ठेवलेला. चादर उचलली. हाताची पाठ फुगून पुरी झाली होती. सुई शिरेतून निसटून प्रोपोफॉल कातडीखाली जात होतं. पंपाच्या दाबाची मर्यादा वर ठेवलेली असल्यानं गजर वाजलाच नाही.

मी सेव्होफ्लुरेनची कळ फिरवली. ३ टक्के, ऑक्सिजनचा वेग वाढवून. दीड मिनिटात बिस पन्नासच्या आत आलं. तोवर मदतनीस डॉक्टरनं कोपराच्या वर दुसरी शीर मिळवली, पण ती बारीक होती आणि पुढचा पाऊण तास त्या एका शिरेच्या भरवशावर प्रोपोफॉल चालवायचं मला पटेना. उरलेली शस्त्रक्रिया सेव्होफ्लुरेनवर झाली.

त्या दीड मिनिटात माझ्या मनात एनके पेशी आल्या नाहीत, चाकणचा मुलगाही आला नाही. बाई टेबलावर जागी होऊ नये एवढंच होतं.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलीत जाग येण्याच्या घटनांची मोठी तपासणी झाली, एनएपी-५ नावाची, २०१४ मध्ये. शिरेतून दिलेलं औषध शिरेत न पोचणं हे त्यातलं एक ठळक कारण होतं आणि सुई सतत डोळ्यांसमोर ठेवा असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मी ते वाचलेलं होतं. मी स्वतः निवासी डॉक्टरांना ते शिकवते. त्या दिवशी हात चादरीखाली गेला तेव्हा मी सर्जनशी एसीवरून बोलत होते. चूक माझी होती.

नंतर

शस्त्रक्रिया एक तास पन्नास मिनिटं चालली. शेवटी तापमान ३६.२. रक्त चढवावं लागलं नाही. शुद्धीवर आल्यावर मी मावशींना विचारलं की झोपायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं आणि उठल्यावर पहिलं काय आठवतं. शेवटचं, "तुमी लांब श्वास घ्या म्हनल्या ते." पहिलं, "ही पोरगी," म्हणजे नर्स. मधलं काही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मुलगा बाहेर पाण्याच्या फिल्टरजवळ उभा होता. ऑपरेशन नीट झालं हे सर्जननी त्याला सांगितलं होतं. मी जाऊन बाकीचं सांगितलं. हात फुगला ते, आई किंचित हलली ते, आणि शेवटचा पाऊण तास गॅस दिला ते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे शेवटी गॅस दिलाच."

"हो. दिला नसता तर आईला ऑपरेशन कळलं असतं."

"मग तुम्ही आधी ते दूध का ठरवलं होतं?"

"उलट्यांसाठी. बारा दिवसांपूर्वी हेच सांगितलं होतं तुला."

त्याला ते आठवलं, चेहऱ्यावर दिसलं. त्या दिवशी मी कडू बोलले होते त्याचा उपयोग इथं झाला. प्रोपोफॉलनं कॅन्सर रोखला जातो अशी आशा मी त्याला लावली असती, तर त्या फिल्टरजवळ माझ्याकडे सांगायला काही उरलं नसतं. त्यानं भुलीच्या नोंदीचा कागद मागितला, मी प्रत दिली. सेव्होफ्लुरेन सुरू केल्याची वेळ त्यावर लिहिलेली होती.

रात्री एकदा उलटी झाली, ऑनडॅन्सेट्रॉननं थांबली. वेदना दहापैकी दोन-तीन. पॅरासिटॅमॉलवर भागलं, मॉर्फिन लागलं नाही. फुगलेला हात उंच ठेवून शेकला, दोन दिवसांत उतरला. पहिल्या दिवशीच्या रक्ततपासणीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर २.१ वरून ८.७ वर गेलं, चौथ्या दिवशी ३.२ वर आलं. काही जण हा आकडा प्रतिकारशक्तीचा आरसा म्हणून वाचतात. मी वाचत नाही. तो कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर असाच उसळतो, शिवाय आम्ही उलट्यांसाठी ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं होतं, त्यानंही तो वाढतो. एका बाईच्या एका आकड्यावरून गॅसला दोष द्यायचा किंवा निर्दोष सोडायचा, दोन्ही चूक.

काखेतल्या १४ गाठींपैकी २ मध्ये आजार निघाला. जखम स्वच्छ भरली आणि २६ व्या दिवशी केमो सुरू झालं. जखम पिकून केमो लांबणं, रक्त चढवावं लागणं, साखर ४०० वर जाणं, हे मला भुलीच्या औषधापेक्षा जास्त भेडसावत होतं आणि यातलं काही झालं नाही. मावशी आज बऱ्या आहेत. त्यावरून लिडोकेनबद्दल, ब्लॉकबद्दल किंवा सेव्होफ्लुरेनबद्दल काहीच सिद्ध होत नाही. एका माणसाचं बरं असणं हे फक्त त्या माणसाचं असतं.

फुप्फुस आणि आतड्याच्या कर्करोगात प्रोपोफॉल, गॅस आणि शिरेतून लिडोकेन यांची तुलना करणारा ऑस्ट्रेलियाहून सुरू झालेला मोठा अभ्यास चालू आहे. स्तनाची शस्त्रक्रिया शरीराला तुलनेनं कमी धक्का देते, तिथला निकाल मोठ्या शस्त्रक्रियांना जसाच्या तसा लावू नये, हे म्हणणं मला रास्त वाटतं. त्या निकालानं माझं मत बदलायचं असेल तर मी बदलेन.

केमोसाठी पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायला कातडीखाली ठेवायची डबी, बसवायला मावशी पुन्हा आल्या तेव्हा भूल किरकोळच होती, जागा बधिर करून थोडी गुंगी. मुलानं रजा घेतली होती. संमतीपत्रावर सही करताना त्यानं औषधाचं नाव विचारलं नाही. पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, "मॅडम, सुई लावलेला हात या वेळी चादरीच्या बाहेर ठेवणार ना?"

ठेवला. चादरीच्या वर, माझ्या गुडघ्याला टेकेल एवढा जवळ.